मास्तरांची तिसरी फेरी

मास्तरांच्या व्हरांड्यात पहिल्या फेरीत 'म्हणजे' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कोणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर मास्तर हातातल्या खडूने जमिनीवर टकटक करत आणि म्हणत, "म्हणजे नंतर. आधी लिहिलंय काय ते सांगा."

मुलांनो, परवा धाकटीने मला फोनवर विचारलं की शाळेत त्यांना पवित्र शास्त्रातली, आपल्या बायबलातली, एक गोष्ट दिली आहे आणि तिचा आजच्या काळातला अर्थ एका पानात लिहायचा आहे, तर आजी, पटकन सांग. मी पटकन काही सांगितलं नाही, याचा तिला राग आला असावा. ज्या माणसामुळे मला असं पटकन सांगता येत नाही, त्याच्याविषयी हे लिहिते आहे. मला सगळं क्रमाने मांडायची सवय आहे, तुम्ही माझी कपाटं पाहिली आहेत. पण मास्तर क्रमाने आठवत नाहीत. कधी त्यांची तपकिरी लोकरी टोपी आधी आठवते, कधी खडूने पांढरा झालेला कोटाचा खिसा, आणि कधी नुसता शनिवारच्या संध्याकाळचा तो गार वारा, जो आता बंगळुरात कुठेच लागत नाही.

आम्ही तेव्हा मल्लेश्वरमला राहत होतो. साठ साल उजाडायचं होतं. माझे वडील बेळगावहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले होते. मी इंटरला होते. शाळा-कॉलेज इंग्रजी, बाजारहाट कन्नड, चर्चमधली उपासना एक आठवडा इंग्रजी, एक आठवडा कन्नड. मराठी फक्त घरात, आणि शनिवारी मास्तरांच्या व्हरांड्यात. मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं आमच्या भागात इतकी थोडी होती की त्या व्हरांड्यात सगळी मावत. 'सलाम मास्तर' म्हणत आत शिरायचं, चपला पायरीवर काढायच्या आणि आपापली चटई घ्यायची.

मास्तर निवृत्त होण्याआधी चर्चचे पाळक होऊ घातलेल्या तरुणांना शिकवत. त्यांचा विषयच मुळी शास्त्राचा अर्थ लावण्याच्या पद्धती हा होता. निवृत्तीनंतर विद्यार्थी राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं. त्यांचं म्हणणं असं, की अर्थाच्या बाबतीत माणसं दोन प्रकारची असतात. काही जण पुस्तक जुन्या काळातच कुलूप लावून ठेवतात. तिथं उंट, मेंढरं आणि राजे, आपला काय संबंध? आणि बाकीचे उडी मारतात. वाक्य वाचलं की लगेच, "म्हणजे आपण सर्वांनी चांगलं वागलं पाहिजे." या उड्या मारणाऱ्यांवर मास्तरांचा जास्त राग.

म्हणून ते लाल गिलाव्याच्या त्या जमिनीवर खडूने मधोमध रेघ ओढत. रेघेच्या एका बाजूला 'तेव्हा', दुसऱ्या बाजूला 'आता'. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही सगळे 'तेव्हा'च्या बाजूला दाटीवाटीने बसत असू. पहिल्या फेरीत फक्त लिहिलेलं सांगायचं. दुसऱ्या फेरीत, ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्या कानांना ते कसं वाटलं असेल, ते बोलायचं. तिसऱ्या फेरीला उठायचं, चटया उचलायच्या आणि रेघ ओलांडून पलीकडे बसायचं. या उठबशीचा सगळ्यात जास्त त्रास पोस्टात काम करणाऱ्या काकांना होई. त्यांना आम्ही पोस्टकाकाच म्हणायचो. त्यांचे गुडघे धरत.

"मास्तर, मी इथूनच 'आता'चं बोलू का? स्वल्प दुखतंय."

"नाही. ज्याला उठायचा कंटाळा त्याला अर्थ नाही."

तिसऱ्या फेरीचा आणखी एक नियम होता आणि तोच खरा जाचक. वाक्याची सुरुवात 'मी'ने करायची. 'आपण' नाही, 'लोकांनी' नाही, 'हल्लीच्या पोरींनी' तर नाहीच नाही. आणि मी काय करणार हे सांगायचं. पुढच्या शनिवारच्या आत ते केलं तर अर्थ तुमचा. नाही जमलं तर सगळ्यांसमोर म्हणायचं, "मी माझा अर्थ परत घेतो."

पोस्टकाका जवळजवळ दर आठवड्याला परत घेत. तिकिटांच्या खिडकीशी आलेल्यांवर खेकसणार नाही, हा त्यांचा लाडका अर्थ होता.

"परत घेतो मास्तर. पेन्शनीचा दिवस होता. एक आजीबाई तीनदा अंगठा पुसून आल्या."

"घ्या परत. खोटा जवळ ठेवण्यापेक्षा बरं."

मास्तर कधी रागावत नसत. पण परत घेणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र नीट बघत.

वादळात होडी सापडते आणि येशू झोपलेला असतो, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या फेरीत मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. वारा, लाटा, घाबरलेले शिष्य. मास्तर म्हणाले, "झोपला कशावर?" कोणालाच आठवेना. मास्तरांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले. "उशीवर! उशी आहे त्या होडीत! इतकी वर्षं वाचताय आणि उशी दिसली नाही?" त्या दिवशी तिसऱ्या फेरीत माझी आई, जी सहसा बोलत नसे, ती म्हणाली, "मी या आठवड्यात एकदा दुपारी झोपेन." सगळे हसले. पण आईला दुपारी आडवं झालेलं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. मंगळवारी सुट्टी होती. आई उशी घेऊन खरोखरच झोपली, आणि वडिलांनी चहा केला. तो चहा मला अजून आठवतो, कारण त्यात साखर नव्हती. आईने तो अर्थ कधीच परत घेतला नाही. पुढे आयुष्यभर दुपारी झोपत आली.

चर्चमध्ये मास्तरांच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. पाळकसाहेब प्रवचनात रंगात आले, एखाद्या पात्राच्या मनात काय चाललं होतं ते सांगू लागले, की मास्तर पुटपुटत, "कुठं लिहिलंय?" त्यांना वाटे आपण मनात म्हणतो आहोत. ते तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाई. एकदा पाळकसाहेब थांबून म्हणाले, "मास्तर, घरी येऊन दाखवतो." आणि खरंच आले, दोघं अंधार पडेपर्यंत वाद घालत बसले, आणि पाळकसाहेब जाताना चपला बदलून मास्तरांच्या घालून गेले.

या चपला दुसऱ्या दिवशी परत आणायला गेली ती सरोजवहिनी, मास्तरांची सून. मास्तरांचा एकुलता एक मुलगा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वराने गेला. मास्तरांची बायको त्याच्याही आधी गेलेली. त्या घरात उरले हे दोघं. वहिनी माझ्याहून फार मोठी नव्हती, पण घराची सगळी सूत्रं तिच्याकडे होती. मास्तरांनी आंघोळ कधी करायची, कोट कधी धुवायला टाकायचा, भाजीवाल्याशी वाद कुठे थांबवायचा, सगळं तीच ठरवायची.

"मामंजी, टोपी उलटी आहे."

"डोकं सुलटं आहे ना?"

"ते बघायला डॉक्टर लागेल."

असं त्यांचं चाले. मास्तर हसत आणि टोपी तशीच ठेवत, मग ती येऊन सरळ करी.

शनिवारच्या बैठकीत वहिनी कधी चटईवर बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर, चुलीवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून. खडूची रेघ तिच्यापर्यंत पोचत नसे. तिची पाळीही कोणी धरत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने ती रेघ पुसून टाकायची, एवढाच तिचा त्या रेघेशी संबंध.

त्या वर्षी नाताळला तिचा भाऊ बेळगावहून आला. मी करंज्यांचं ताट घेऊन गेले होते, म्हणून मला हे माहीत आहे. तो सांगत होता की तिकडे शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला जागा आहे, जूनमध्ये सुरू होतं, आई रोज तिची आठवण काढते. वहिनी करंज्या डब्यात भरत होती. म्हणाली, "मामंजींना कॉफीसुद्धा करता येत नाही रे." भावाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. मी ताट परत घेऊन निघेपर्यंत त्यांनी पान उलटलं नव्हतं.

आमच्यात पेटी वाजवणाऱ्या एक कमलमावशी होत्या. आवाज खणखणीत, मतं त्याहून खणखणीत. त्यांना सरोजवहिनीचं फार कौतुक. आल्यागेल्याला सांगत, "ही आमची रूथ हो!" मार्च महिन्यात एका शनिवारी त्यांनीच धरून बसल्यासारखं केलं, की आज रूथची गोष्ट घ्यायची. सरोजच्या मानासाठी. मास्तर कन्नडमध्ये "सरी", ठीक आहे, एवढंच म्हणाले.

धाकटीसाठी थोडक्यात सांगते. नामी नावाची एक बाई परमुलखात राहते. तिथे तिचा नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात. उरतात दोन सुना, अर्पा आणि रूथ. नामी आपल्या गावी परत निघते. अर्पा वाटेतून माहेरी परत जाते. रूथ मात्र सासूला सोडत नाही, तिच्याबरोबर जाते. आमच्या समाजात लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट निदान एकदा तरी ऐकवलेली असते.

पहिली फेरी सुरू झाली. कमलमावशींनी सुरुवातच केली, "रूथ निष्ठावान आणि अर्पा कच्ची."

टकटक. "कुठं लिहिलंय?"

"अहो, ती गेली की परत!"

"गेली, हे लिहिलंय. कच्ची, हे दाखवा."

मावशींनी पान चाळलं, चष्मा पुसून पुन्हा चाळलं. माझ्या वडिलांनीही शोधलं. अर्पाला दोष देणारा एक शब्दसुद्धा तिथे नव्हता. ती रडली, सासूचा मुका घेतला आणि गेली. एवढंच.

"बरं," मास्तर म्हणाले, "आता सांगा, सगळ्यात आधी बोलतं कोण?"

मी पुस्तकात बघून म्हटलं, "नामी. दोघींना म्हणते, तुमच्या तुमच्या आईच्या घरी जा."

"एकदाच?"

मी मोजलं. तिने पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. मास्तर पुस्तकात बघत नव्हते. त्यांनी हा अध्याय इतकी वर्षं शिकवला होता की त्यांना तो पाठ होता. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते बसले होते.

दुसऱ्या फेरीत माझे वडील म्हणाले की तेव्हाच्या लोकांना नामीचं बोलणं ऐकून धक्का बसला असेल. म्हातारी बाई, ना नवरा, ना मुलगा, रस्ता लांबचा. तिच्याजवळ होतं काय, तर चार तरुण हात. आणि तीच त्यांना जा म्हणते. पोस्टकाका म्हणाले, "आपल्याच हातानं आपली काठी मोडल्यासारखं झालं की हो."

मग आम्ही चटया उचलल्या आणि रेघ ओलांडली. कमलमावशी ताठ बसून म्हणाल्या, "मी म्हणते, आमच्या सरोजनं आजच्या काळात—"

"मावशी, 'मी'नंतर सरोज कुठून आली? दुसऱ्याच्या ताटात अर्थ वाढायचा नाही. तुमच्या घरी सून आहे, तुमचा तुम्ही शोधा."

मावशी फुगून बसल्या. एकेक जण काहीबाही बोलला. शेवटी मास्तरांची पाळी आली. ते बोटांवरची खडूची पूड झाडत बसले. आत दूध तापल्याचा वास येऊ लागला होता आणि वहिनी उठत नव्हती.

"मी हा अध्याय शिकवत आलो," मास्तर म्हणाले. "नेहमी रूथवर बोललो. किती पोरांना पाळक करून पाठवलं, ते सगळे रूथवरच बोलत असतील. मी यात कुठं बसतो हे मी बघितलंच नाही. मी नामी आहे. आणि नामी जे पहिल्यांदा बोलते, ते मी या घरात अजून एकदाही बोललेलो नाही. मी ते बोलेन."

पलीकडे उंबऱ्यावर वहिनीने मान खाली घातली. दूध उतू गेलं.

आता पुढचा आठवडा. बोलायचं एकच वाक्य होतं, पण ते त्यांना जमेना. सोमवारी सकाळी ते आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "काय हो, तोंडानंच म्हणायला हवं का? तिला कळलंच आहे. समजून घ्यायची गोष्ट आहे."

वडील दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "कुठं लिहिलंय, मास्तर?"

मास्तर तसेच परत गेले.

बुधवारी मी मास्तरांकडे वर्तमानपत्र आणायला गेले होते. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, दोन्ही हातांनी चौकट धरून.

"सरोज, तू जा."

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. "कुठं, मामंजी?"

मास्तरांनी चौकट सोडली. मग म्हणाले, "मार्केटात. कोथिंबीर संपलीय ना?"

"आहे की. कालच आणली."

"मग राहू दे."

ती पुन्हा लाटू लागली. मी वर्तमानपत्र न घेताच घरी आले आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हाताऱ्याला एकट्यानं जेवायची भीती वाटते गं. दुसरं काय." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि त्या पोरीला वाटत असेल, हा कधी म्हणतोय."

पुढच्या शनिवारी सगळे वेळेआधीच हजर. पोस्टकाका वडिलांच्या कानाशी लागले, "आज मास्तर परत घेतात बघा. एकदा त्यांनी घेतला की आम्हालाही मान वर करायला होईल." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आम्हा सगळ्यांनाच आतून तेच हवं होतं. वहिनी गेली की हा व्हरांडा कसला, हे प्रत्येकाला कळत होतं.

मास्तरांनी रेघ ओढली. ती वाकडी आली. नेहमीप्रमाणे 'आता'च्या बाजूला बसून मागच्या आठवड्याचे अर्थ विचारून झाले आणि ते स्वतःवर आले.

"माझं असं झालं," ते म्हणाले. "म्हणायला गेलो. बऱ्याचदा गेलो. दर वेळी तोंडातून कोथिंबीर निघाली." कोणी हसलं नाही. "तेव्हा मी माझा अर्थ—"

"मामंजी, परत घेऊ नका."

उंबऱ्यावरून आवाज आला. वहिनी उभी राहिली होती. इतक्या शनिवारांत ती बैठकीत एक अक्षर बोलली नव्हती. ती चालत आली, 'तेव्हा'च्या बाजूने आली आणि रेघ ओलांडून मास्तरांच्या समोर बसली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला शिकायचंय. पण मला मागता येत नाही. तुम्ही म्हटल्याशिवाय मी कशी जाऊ? आणि आज परत घेतलंत तर तुम्ही पुन्हा कधी म्हणणार नाही, मामंजी. मी ओळखते तुम्हाला."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, प्रार्थनेच्या वेळी ठेवत तशी.

"जा, बाळ," ते म्हणाले. "आईच्या घरी जा. शीक. कोणी चांगला माणूस भेटला तर लग्न कर. हे मी पुस्तकातलं बोलत नाही. मी बोलतोय."

कमलमावशींनी रुमाल काढलेला होता. त्यांच्या, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर गोष्टीतली ती दुसरी सून, रूथ, होती. आता ही गळ्यात पडणार, नाही जात म्हणणार, तुमचं घर तेच माझं घर म्हणणार. वहिनीने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "बरं, मामंजी." मग डोळे पुसत आत गेली.

"जाणार ही?" मावशींना राहवेना. "खरंच जाणार?"

"मावशी," मास्तर म्हणाले, "अर्पा रडली होती. तेही लिहिलेलं आहे."

मधले दोन-तीन महिने त्या घरात कॉफीची शाळा चालली. वहिनी स्टुलावर बसे आणि मास्तर चुलीपाशी उभे राहत. "डिकॉक्शन गाळायच्या आधी थांबायचं, मामंजी. उडी मारायची नाही." मास्तर म्हणत, "माझेच नियम मला शिकवतेस?" पहिल्या आठवड्याची कॉफी शेजारच्या अण्णांना पाजली, ते नंतर काही दिवस दिसले नाहीत. पण मास्तर शिकले. भात शिकले, सार शिकले. भाकरी मात्र शेवटपर्यंत जमली नाही. बुधवारी आणि शनिवारी ती आमच्या घरून जाई.

वहिनी शिक्षिका झाली. पुढे तिकडच्याच एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. मास्तर लग्नाला गेले आणि मुलीकडच्या बाजूला पहिल्या बाकावर बसले. परत आल्यावर आईने विचारलं, "कसं झालं लग्न?" तर म्हणाले, "पाळक बरा होता. लिहिलेलंच बोलला." मे महिन्याच्या सुट्टीत ती दर वर्षी यायची, पुढे मूल झालं तशी एखाद्या वर्षाआड. ती आली की बैठकीला चटईवर बसायची आणि तिसऱ्या फेरीत सगळ्यात जास्त बोलायची. ती गेल्यावर मास्तर चार दिवस कोणाशी बोलत नसत. मी लग्न होऊन घर सोडलं त्यानंतरही बैठक चालू होती. मास्तर गेले तेव्हा मी बाळंतपणाला अडकले होते, मला जाता आलं नाही. त्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि मेट्रो जवळून जाते. मी एकदा मुद्दाम जाऊन उभी राहिले. कुठल्या बाजूला 'तेव्हा' होतं, तेही मला नक्की सांगता येईना.

तुमच्या बाबांना परदेशातली नोकरी आली, तेव्हा तो घरात नुसता घुटमळत होता. जाऊ का, असं तोंडाने विचारत नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "जा." त्याला अजून वाटतं आई किती खंबीर. खंबीर कसली? उशीर केला की तोंडातून कोथिंबीर निघते, हे मी पाहिलेलं होतं. तुम्ही तिकडे जन्मलात, तिकडचे झालात. तुमच्या खोलीतला दिवा इथल्या सकाळी लागतो. मी तुम्हाला फोनवर कधी 'या' म्हणत नाही, 'कसे आहात' विचारते, त्याचं कारण हेच.

धाकटे, तुझं एक पान तूच लिही. आधी काय लिहिलंय ते बघ, मग ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांच्याजवळ जरा बस, मग स्वतःच्या खोलीत ये आणि 'मी' म्हणून सुरुवात कर. मी तुला माझं एवढंच देते.

वहिनी निघाली तो जूनचा महिना होता. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने ती बेळगावला उतरणार होती. तिचा भाऊ न्यायला आला होता. स्टेशनवर आम्ही तिघं गेलो, मास्तर, माझे वडील आणि मी. वहिनी खिडकीशी बसली. मास्तरांनी तिच्या भावाला दोनदा सांगितलं की वाटेत स्टेशनवरचं पाणी पिऊ नका. शिट्टी झाली. गाडी हलली तसे मास्तर खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागले.

"येते, मामंजी," ती म्हणाली. निघताना आपण सगळेच म्हणतो तसं.

"येते नको म्हणू, बाळ," मास्तर म्हणाले. "तू येते म्हणालीस तर मी वाट बघत बसेन."

"मग काय म्हणू?"

गाडीने वेग घेतला आणि गज त्यांच्या हातातून सुटला.

वडील थोड्या वेळाने म्हणाले, "चला, मास्तर." मास्तर हलले नाहीत. आम्हीही मग थांबलो.

त्या गोष्टीत अर्पा परत गेली एवढंच आहे. ती वळणाआड होईपर्यंत नामी रस्त्यात उभी राहिली का, किती वेळ राहिली, हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते सांगायची मला सवय नाही. पण मास्तर उभे होते. गाडी गेली, हमाल गेले, दुसऱ्या गाडीची माणसं ट्रंका घेऊन येऊन बसली, एका लहान मुलाने त्यांच्या पायांभोवती दोन चकरा मारल्या, तरी ते रुळांकडे तोंड करून उभे होते. ते मी पाहिलं आहे.